पहिला अलार्म कोणता?

मस्कतमध्ये मराठी माणसं शुक्रवारी सकाळी चहाला जमली की दोन विषय हमखास निघतात: भारतात परत कधी जायचं आणि गाडी कुठली घ्यायची. पहिल्या विषयावर माझं मत कुणी विचारत नाही. दुसऱ्यावर विचारतात, कारण बांधकामाच्या साइट्समुळे माझी नोकरीची बरीच वर्षं इथल्या 'वादीं'तून, म्हणजे डोंगरांतल्या कोरड्या नदीपात्रांतून, आणि वाळूतून गाडी हाकण्यात गेली आहेत. विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगत आलो. काहीही घ्या, पण हवेच्या सस्पेन्शनची गाडी घेऊ नका. माझ्या सांगण्यावरून काहींनी ठरत आलेले सौदे सोडून दिले. एका मित्राने तर धडधाकट चालणाऱ्या गाडीची सगळी हवेची यंत्रणा काढून टाकली आणि लोखंडी स्प्रिंगा बसवून घेतल्या.

ते मत आता माझं राहिलेलं नाही. ते अगदी उलटं झालंय असंही नाही, त्याबद्दल शेवटी लिहीन. पण इतकं नक्की बदललंय की ज्यांनी माझं ऐकून पैसे खर्च केले किंवा वाचवले, त्यांना कारणं कळायला हवीत.

मुळात मत आलं कुठून? माझे काका मेढ्याला असायचे आणि त्यांच्याकडे महिंद्राची जीप होती. चारही चाकांना पाटे. एकदा केळघर घाटात मागचा मुख्य पाटा तुटला. काकांनी झाडाची एक जाड फांदी तोडून ती एक्सल आणि चासीच्या मध्ये ठोकली, नायलॉनच्या दोराने आवळली आणि आम्हा पोरांसकट गाडी मेढ्यात आणली. दुसऱ्या दिवशी पाटा बदलला, यू-बोल्ट आवळले, संपलं. जे डोळ्याला दिसतं तेच हाताने दुरुस्त होतं असं काही काका म्हणाले नाहीत. ते मुळात बोलणारे गृहस्थच नव्हते. त्या दोरावरून ते मीच ठरवून टाकलं आणि पुढे ओमानात येऊन साइटवरच्या पाट्यांच्या पिकअप चालवताना ते मत अधिकच घट्ट झालं.

मग वाचनातून दारूगोळाही मिळाला. 1957 साली कॅडिलॅकने एल्डोराडो ब्रोहम ही महागडी गाडी हवेच्या सस्पेन्शनवर आणली. हवा गळायची, आणि बऱ्याच मालकांनी कंटाळून ती काढून साध्या स्प्रिंगा बसवल्या. म्हणजे हवा काढून लोखंड घालण्याची परंपरा जवळजवळ हवेच्या सस्पेन्शनइतकीच जुनी. ऑफ-रोड गाड्यांमध्ये ते पहिल्यांदा आणलं रेंज रोव्हरने, 1992 च्या सुमारास, आणि पुढे त्या गाड्यांसाठीही स्प्रिंगांचे किट बाजारात आले. चहाच्या टेबलावर ही दोन उदाहरणं टाकली की समोरचा गप्प व्हायचा.

एवढं सगळं असून तशीच गाडी माझ्या दारात आली ती आईमुळे. आई दर हिवाळ्यात इथे येते. तिचे गुडघे दुखतात आणि आमच्या जुन्या उंच गाडीत तिला अक्षरशः उचलून बसवावं लागे. बायकोने एक सात आसनी, वापरलेली ऑफ-रोडर शोधून काढली. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. तिच्यात एक बटण दाबलं की गाडी पाच सेंटिमीटर खाली बसते, माणूस चढला की पुन्हा उठते. आईला ते बटण फार आवडलं. किंमतही वयाच्या मानाने बरीच कमी होती, आणि ती कमी असण्यामागे चहाच्या टेबलावरच्या माझ्यासारख्यांची बडबड होती हे मला तेव्हाही कळत होतं. मी मनात ठरवलं, पहिल्यांदा बिघडली की हवा काढायची आणि स्प्रिंगा घालायच्या.

ज्यांनी ही यंत्रणा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक चाकापाशी पोलादी स्प्रिंगऐवजी जाड रबराची, आत दुमडलेली नळी असते आणि तिच्यात दाबाखाली हवा. खाली एक कॉम्प्रेसर, हवा साठवायची एक टाकी, हवा कुठे सोडायची ते ठरवणारे व्हॉल्व्हचे ठोकळे, बारीक प्लॅस्टिक नळ्या. चारही चाकांना उंची मोजणारा एकेक सेन्सर. या सगळ्यावर एक संगणक. तो ठरवतो की गाडी आता नेहमीच्या उंचीवर असावी, की खडकाळ रस्त्यासाठी साडेपाच सेंटिमीटर वर.

बिघाड व्हायचा तसा झाला. बिदिया गावाकडून वाहिबाच्या वाळवंटात शिरलो, संध्याकाळी परतताना पिवळा दिवा लागला आणि पडद्यावर ओळ आली की सस्पेन्शनमध्ये दोष आहे, फक्त नेहमीची उंची मिळेल. मस्कतमधल्या एका गॅरेजने स्कॅनर लावला, कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगितलं आणि नवा बसवला. बिल भरताना हात थरथरला, पण गाडी वर उठली. काही महिन्यांनी तोच दिवा, तीच ओळ, आणि गॅरेजचं तेच उत्तर. आता खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही. उलट आत कुठेतरी बरं वाटलं. मी म्हणत होतो तेच झालं ना. त्याच रात्री स्प्रिंगांचं किट मागवून टाकलं.

माझी बायको समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात इन्स्ट्रुमेंटेशन बघते. गाड्यांत तिला रस नाही. मी जेवताना ही सगळी हकिगत विजयी सुरात सांगत होतो, तर तिने मध्येच विचारलं, "पहिला अलार्म कोणता होता?"

"कॉम्प्रेसरचा. दुसरा कुठला असणार?"

"तो शेवटचा रे. पहिला कोणता?"

तिच्या कामात हा रोजचा प्रश्न. प्रकल्प अचानक बंद पडतो तेव्हा बघता बघता डझनावारी अलार्म वाजतात. पंप बंद, दाब कमी, टाकीची पातळी खाली, अमुक व्हॉल्व्ह मिटला. त्यातले बहुतेक अलार्म हे आधीच्या कुठल्या तरी अलार्मचे परिणाम असतात. म्हणून तिथल्या यंत्रणा सर्वांत आधी काय घडलं ते वेगळं नोंदवून ठेवतात. त्याला ते लोक फर्स्ट-आउट म्हणतात. बाकीच्या अलार्मांच्या मागे धावणाऱ्या नवशिक्यांना तिथे बोलणी बसतात. तिने मला विचारलं की कोडमध्ये नेमकं काय लिहिलं होतं. मी गॅरेजच्या कागदावर पाहिलं. त्यात 'कॉम्प्रेसर नादुरुस्त' असं कुठेच नव्हतं. लिहिलं होतं ते असं: टाकी भरताना दाब फार हळू वाढतो आहे.

आता हे वाक्य नीट वाचलं की त्यातून दोन शक्यता निघतात. हवा भरणारा दमला असेल, किंवा भरलेली हवा दुसरीकडून निघून जात असेल. संगणकाने दोन्हींपैकी एकही निवडली नव्हती. निवडली होती गॅरेजने, आणि मी ती मान्य केली होती, कारण मला बिघाडापेक्षा निकालाची घाई होती.

तिथून पुढचे काही आठवडे आमच्या पार्किंगमध्ये जे चाललं ते शेजाऱ्यांना विचित्र वाटलं असणार. सस्पेन्शनच्या संगणकाशी बोलू शकेल असा स्कॅनर मी विकत घेतला. (इथे एक सांगून ठेवतो: बाजारात मिळणारे स्वस्त स्कॅनर बहुतेक फक्त इंजिनाचे कोड वाचतात. सस्पेन्शन विचारलं तर गप्प. घेण्याआधी विचारून घ्या.) बायकोने कोड वाचण्याकडे दुर्लक्षच केलं. तिने चालू आकडे उघडले, म्हणजे चारही कोपऱ्यांची उंची, दाब, कॉम्प्रेसर केव्हा सुरू होतो, किती वेळ चालतो. एका वहीत वेळेसकट लिहायला लागली.

मी माझं साधं गावठी निदान करून ठेवलं होतं. हवा गळत असेल तर सकाळी गाडी एका कोपऱ्यात खचलेली दिसायला हवी. वाळूत मुक्काम असला की माझी गाडी सकाळी थोडी खाली बसलेली असायची खरी, पण चारही बाजूंनी सारखी. चारही स्प्रिंगा एकाच वेगाने गळतील हे काही पटण्यासारखं नाही. म्हणून गळती नाही, कॉम्प्रेसरच वाईट, असा माझा हिशोब होता.

हा हिशोब गाडीनेच चुकवला होता. माझ्या गाडीतला संगणक इंजिन बंद केल्यावर दोन तासांनी एकदा जागा होतो आणि त्यानंतर दर चोवीस तासांनी. जागा झाला की चारही उंच्या पाहतो. एक कोपरा खाली गेला असेल तर कॉम्प्रेसर सुरू करून त्याला वर उचलत नाही, कारण बॅटरी वाचवायची असते. उरलेल्या तिघांतली हवा सोडून गाडी पुन्हा सपाट करतो. म्हणजे गळणारा कोपरा रात्रीतच झाकला जातो आणि सकाळी मालकाला दिसते ती नीटनेटकी, समान खचलेली गाडी. हे समजलं तेव्हा मी काही वेळ नुसता हसत राहिलो. काकांच्या जीपमध्ये असली सभ्यता नव्हती. पाटा तुटला की ती वाकडीच उभी राहायची.

यावर उपाय अगदी साधा. सस्पेन्शनच्या संगणकाचा फ्यूज काढायचा. मग त्याला जागंही होता येत नाही आणि झाकाझाकीही करता येत नाही. व्हॉल्व्ह मुळात बंदच असतात, त्यामुळे हवा जिथल्या तिथे राहते. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने अंतर मोजायचं, लिहून ठेवायचं, सकाळी पुन्हा मोजायचं. टायरमधली हवा कमी-जास्त झाली तरी या मापात फरक पडत नाही, कारण जमिनीपासून मोजलेलंच नसतं.

पहिल्या रात्रीनंतर आकडे जवळजवळ तेच आले. मी लगेच म्हणालो, "बघ, गळती नाहीच."

"दिवा लागला तेव्हा गाडी कुठे होती?"

"बिदियाला. वाळूत."

"मग त्या उंचीवर मोज की."

हे मला सुचायला हवं होतं, वर्षानुवर्षं वाळूत गाडी घालणारा मी. वाळूत आणि वादीत गाडी कायम वरच्या उंचीवर असते. आम्ही गाडी साडेपाच सेंटिमीटर उचलली, इंजिन बंद केलं, फ्यूज काढला. सकाळी मागचा उजवा कोपरा सरळ सरळ खाली गेला होता. टेपची गरजच नव्हती, जिन्यावरूनच दिसलं. फ्यूज घालून गाडी पुन्हा वर घेतली, चाक काढलं आणि साबणाचं पाणी फवारलं. रबराच्या घडीपाशी बारीक बुडबुड्यांची एक रांग उठली.

कारण पाहायला गेलं तर साधं आहे. ही रबरी नळी खालच्या बाजूला आतल्या दट्ट्यावर उलटी गुंडाळलेली असते. गाडी वर-खाली होते तेव्हा ती घडी उलगडते, पुन्हा गुंडाळली जाते. रबराला सगळ्यात जास्त त्रास याच घडीत, त्यात इथली बारीक वाळू घडीत अडकून घासत राहते. नेहमीच्या उंचीवर माझी भेग दट्ट्यावर दाबून बसलेली, म्हणून हवा निघत नव्हती. वरच्या उंचीवर घडी उलगडली की भेग उघडी पडायची. म्हणजे शहरात गाडी ठणठणीत, आणि जिथे तिची गरज तिथे आजारी. गॅरेजवाल्यांनी गाडी शहरात, नेहमीच्या उंचीवर तपासली होती. त्यांचं सोडा, मीही तेच केलं.

आता मागे जाऊन सगळी साखळी जुळवता आली. इमारतीतला एखादा नळ रात्रभर गळत राहावा, गच्चीवरच्या टाकीसाठी पंप रात्रभर चालावा, आणि पंप जळला की पंपवाल्याला शिव्या बसाव्यात, तसं झालं होतं. भेगेतून हवा जायची, संगणक कॉम्प्रेसरला पुन्हा पुन्हा सुरू करायचा. हे छोटं यंत्र सतत चालायला बनवलेलंच नसतं. ते तापलं की संगणक त्याला थोडा वेळ थांबवतो, मग पुन्हा चालवतो. आणि थांबवलेलं यंत्र थंड व्हायला बाहेरची हवा तरी थंड हवी ना! मस्कतपासून फार दूर नसलेल्या कुरयातमध्ये 26 जून 2018 ला दिवसभरातलं किमान तापमान 42.6 अंश सेल्सिअस होतं. पारा चोवीस तासांत त्याच्या खाली आलाच नाही. असल्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसरला रात्र मिळतच नाही. त्याच्या दट्ट्यावरची रिंग झिजते, दाब कमी पडतो, मग तो आणखी जास्त वेळ चालतो.

पण मला सगळ्यात जास्त चकित केलं ते ड्रायरने. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो तेव्हा तिच्यातला ओलावा शोषून घेणाऱ्या दाण्यांच्या एका डब्यातून तिला नेतो. ओमान म्हणजे वाळवंट, इथे कसला ओलावा, असं कुणाला वाटेल. मस्कत किनाऱ्यावर आहे. उन्हाळ्यात रात्री चष्मा घालून एसीतून बाहेर पडलं की काचा पांढऱ्या होतात. ते दाणे ओलावा साठवतात, आणि गाडी जेव्हा खाली बसते तेव्हा स्प्रिंगमधली कोरडी हवा त्याच डब्यातून उलटी बाहेर सोडली जाते. ती जाताजाता दाणे पुन्हा वाळवते. आत ओलं, बाहेर कोरडं, असं हे चक्र चालतं. हवा भेगेतून निघून गेली तर ती डब्यातून परत जातच नाही. दाण्यांमध्ये ओलावा येतच राहतो, वाळण्याची पाळी येत नाही. मग तो ओलावा पुढे व्हॉल्व्हपर्यंत जातो आणि तिथे नवी दुखणी सुरू होतात. मागच्या उजव्या चाकाच्या रबरातली भेग पुढच्या डाव्या चाकाच्या व्हॉल्व्हला आजारी पाडू शकते. हा रस्ता एकदा लक्षात आला की यंत्रणा विचित्र वाटेनाशी होते.

रिलेचं, म्हणजे कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचं, थोडक्यात सांगतो. कॉम्प्रेसर सतत सुरू-बंद झाला की त्याच्या रिलेची आतली टोकं जळून चिकटू शकतात. मग संगणकाने थांब म्हटलं तरी कॉम्प्रेसर थांबत नाही. कॉम्प्रेसरपुढे रिले अगदी स्वस्त. कॉम्प्रेसर बदलताना तो बदलायचाच असतो. माझ्या गाडीत नव्या कॉम्प्रेसरसोबत जुनाच रिले होता.

स्प्रिंगांचं किट मी परत केलं, दुकानदाराने थोडे पैसे कापून घेतले. मागच्या दोन्ही हवेच्या स्प्रिंगा, ड्रायर, रिले आणि एक चांगला कॉम्प्रेसर असं सगळं एकदम केलं. खर्च मोठा झाला, लपवण्यात अर्थ नाही. गाडी तेव्हापासून ठीक आहे. पण गाडी ठीक झाली म्हणून माझं मत बदललं असं नाही. तेवढ्यावर मत बदलणं उथळ ठरलं असतं. उद्या पुन्हा बिघडली तर काय, पुन्हा उलटं?

बदललं ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. मी इतकी वर्षं दिसणाऱ्या बिघाडाला विश्वासार्ह समजत होतो आणि आकड्यांतून कळणाऱ्या बिघाडाला नखरा. त्याच दरम्यान आमच्यातल्या एकाच्या गाडीची मागची लोखंडी स्प्रिंग सर्वांत खालच्या वेटोळ्यात तुटलेली सापडली. केव्हा तुटली त्याला माहीत नव्हतं. तुटकं टोक आपल्या जागी बसून राहिलं होतं, गाडी थोडी कमी उंच दिसायची, आणि लोखंडाने कुठलाही दिवा लावला नाही. पाट्याच्या जीपमध्ये गाडी वाकडी झाली की कळतं हे खरं, पण तोपर्यंत पाटा तुटलेला असतो. माझ्या गाडीच्या सेन्सरांना स्प्रिंग निकामी होण्याच्या किती तरी आधी कळत होतं. ते सांगतही होते, फक्त त्यांची भाषा कोडमध्ये नव्हती, कॉम्प्रेसर किती मिनिटं चालला या आकड्यात होती. आणि तो आकडा पाहायला मी कधी गेलोच नव्हतो.

स्प्रिंगांच्या किटमध्ये एक छोटा इलेक्ट्रॉनिक डबाही असतो. हवेची यंत्रणा काढली की संगणक ओरडायला लागणार. हा डबा त्याला सगळं ठीक असल्याचे खोटे सिग्नल देतो आणि दिवा विझतो. पूर्वी मला ही हुशारी वाटायची. आता त्या डब्याकडे बघून थोडं अस्वस्थ व्हायला होतं.

आणखी एक बारीकसं कोडं स्वतःलाच घातलं. वाळूत शिरण्याआधी आम्ही सगळेच टायरमधली हवा 15 पीएसआयच्या आसपास उतरवतो आणि बाहेर आल्यावर पुन्हा भरतो. त्यासाठी प्रत्येकाच्या डिकीत बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर असतो. म्हणजे वाळवंटात आमचा जीव चार रबरी पोकळ्यांतल्या हवेवरच टांगलेला असतो, तिच्यात कमी-जास्त करणं आम्हाला येतं, पंक्चर झालं तर काय करायचं ते माहीत असतं आणि कुणीही टायर काढून लोखंडी चाकं लावा म्हणत नाही. मग त्याच चाकांच्या वरच्या चार पोकळ्यांची एवढी भीती कशाची? आता मी स्प्रिंगांच्या नळ्यांना टायरसारखे व्हॉल्व्ह लावून घेतले आहेत. सगळंच बंद पडलं तर त्याच छोट्या कॉम्प्रेसरने प्रत्येक कोपरा हाताने फुगवता येतो आणि पन्नासच्या वेगाने डांबरी रस्त्यापर्यंत येता येतं. काकांच्या नायलॉनच्या दोराच्या जागी आता हे आहे.

तसं पाहिलं तर महाराष्ट्रात आपण सगळेच या हवेवर बसलोय. मुंबई-पुणे शिवनेरीच्या गाड्या ज्यांच्यावर चालतात, ज्यांना ड्रायव्हर लोक बलून म्हणतात, ते हेच. बोरघाटात वर्षानुवर्षं वर-खाली. तिथे त्याला कुणी नाजूक म्हणत नाही, कारण तिथे डेपो आहे आणि बलूनची तपासणी ठरलेली आहे. खासगी गाडीत तीच वस्तू दहा वर्षं न बघता वापरायची आणि रबर फाटलं की तंत्रज्ञान वाईट म्हणायचं, हे मी केलं आणि माझ्यामुळे इतरांनीही केलं.

आणि वादीतलं कामही सांगायला हवं. अल हमरावरून डोंगर ओलांडून वादी बनी अवफमध्ये उतरताना मोठ्या दगडांवर एक चाक वर आणि दुसऱ्या बाजूचं त्याच्या जोडीचं खाली लोंबकळत राहतं. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत डावीकडच्या चाकाचं उजवीकडच्याला काही कळत नसतं, म्हणून लोंबकळणाऱ्या चाकाचा जमिनीवरचा दाब जातो आणि ते नुसतं फिरतं. माझ्या गाडीत अशा वेळी डाव्या-उजव्या स्प्रिंगांमधला मार्ग उघडतो, वर गेलेल्या चाकाची हवा लोंबकळणाऱ्याकडे जाते आणि ते खाली दाबलं जातं. जुन्या जीपच्या अखंड एक्सलसारखं वागायला लागतं. म्हणजे ज्या जीपचा दाखला देत मी या यंत्रणेला हसत होतो, तिचीच नक्कल ही यंत्रणा हवेने करते. लोखंडी स्प्रिंगा बसवून हे गेलं असतं.

या नव्या मताच्या भरात एक काळजी घ्यायला शिकलो. प्रत्येक खचणं म्हणजे गळती नव्हे. 45 अंशांत फुगवलेली हवा 15 अंशांवर आली तर गणिताने नऊ टक्क्यांहून थोडी जास्त आकसते. जबल अखदरच्या पठारावर मुक्कामाला गेलो (बिरकत अल मौझच्या पोलीस चौकीतून फोर-व्हीलच वर सोडतात), तर पहाटे गाडी थोडी बसलेली दिसली आणि मी अर्धवट झोपेत फ्यूज शोधायला लागलो. बायकोने तंबूतूनच थर्मामीटर दाखवला.

आता जे बदललं नाही ते. दहा वर्षांच्या वरची हवेची गाडी घेणाऱ्याने चार रबरं आणि कॉम्प्रेसर यांचे पैसे किमतीतच धरावेत, असं मी आजही सांगतो. रबराला वय असतं. ज्याला स्कॅनर विकत घ्यायचा नाही आणि वही लिहायची नाही, त्याने लोखंडी स्प्रिंगांची गाडी घ्यावी आणि सुखी राहावं. गाडी बनवणाऱ्यांवरचा माझा राग तर वाढलाच आहे. ज्या संगणकाला बिघाड आठवडेच्या आठवडे आधी कळतो, तो कॉम्प्रेसरची मिनिटं मालकाला का दाखवत नाही? पडद्यावर संगीताची यादी दाखवायला जागा आहे. एक आकडा दाखवला असता तर माझा पहिला कॉम्प्रेसर वाचला असता. गॅरेजला दोष देणं सोपं आहे, पण त्यांच्याकडेही तोच कोड येतो आणि गिऱ्हाईक मात्र तासाभरात उत्तर मागतं.

ज्या मित्राने माझ्या सांगण्यावरून हवा काढून टाकली, त्याने हे सगळं ऐकून विचारलं की आता परत हवेवर जाऊ का. मी नको म्हणालो. त्याचे सुटे भाग विकले गेले आहेत, पुन्हा सगळं घ्यायचं म्हणजे गाडीपेक्षा जास्त खर्च, आणि त्याच्या स्प्रिंगा चांगल्या आहेत. फक्त महिन्यातून एकदा चारही कोपरे टेपने मोजत जा, एवढं सांगितलं, कारण त्याच्या गाडीचा दिवा आता काहीच सांगणार नाही. तो अजून मोजत नाही असा मला संशय आहे.

आणि रब अल खालीच्या वाळूत, सोबतीला दुसरी गाडी नसताना जायची वेळ आलीच, तर मी अजूनही माझी गाडी घरी ठेवून साइटवरची पाट्यांची पिकअप घेईन. तिची किल्ली फोरमनकडे असते. त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं.